उजव्या पायाचा बूट

गेनबा,

तुझे बूट माझ्याकडे परत आले आहेत.

तू गेल्याचं मला नवव्या दिवशी कळलं, तेही पुण्याच्या स्टँडवर भेटलेल्या मुळशीच्या गाडीच्या कंडक्टरकडून. "तुमचा गेनबा गेला की, मास्तर. तापाचं निमित्त झालं. आठ दिवस बी टिकला न्हाई," असं तो तिकिटांची पेटी काखेत मारता मारता बोलला आणि पुढे गेला. 'तुमचा' म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी मुळशीला आलो. दहाव्याचा विधी झाला, थोडं बसणं झालं. माणसं धरणाच्या काठावरून वर चालली होती. हौसावहिनी मागं थांबल्या, घरात गेल्या आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन बाहेर आल्या.

"हे सरकारी हायेत, साहेब. तुमच्याकडं गेलेले बरे."

पूर्वी त्या मला भावजी म्हणायच्या.

घरी येऊन मी गाठोडं सोडलं. बुटांना तेल लावलेलं होतं. डाव्या बुटाची टाच झिजलेली, चामडं घोट्याशी मऊ पडून सुरकुतलेलं. उजवा मात्र दुकानातून आत्ता आणावा तसा कडक. एकाच माणसाचे, एकाच दिवशी मिळालेले बूट, पण एक म्हातारा आणि एक तरणा. ज्यांना ठाऊक नाही ते म्हणतील, हा माणूस लंगडा होता. मला ठाऊक आहे. पंपावर उभं राहिलं की तू उजवा बूट काढून ठेवायचास. तीन उन्हाळे आपण त्या एका बुटावरून भांडलो. त्या भांडणात मी जिंकलो, आणि ते कसं जिंकलो हे आज तुला सांगायला बसलो आहे. तुला ते माहीत होतंच. माझ्या तोंडून ऐकायचं तेवढं राहिलं.

सीमेवरची लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या अग्निशमन दलानं मला मुळशीला पाठवलं. गावोगावच्या माणसांना आग विझवायला शिकवायचं होतं. शिबिरासाठी मुळशी निवडली, कारण खाली धरणाचं अथांग पाणी आणि वर चढावर गवतानं शाकारलेल्या वाड्या. उन्हाळ्यात शेतकरी भाताच्या रोपांची जागा भाजतात, शेण, पाला, कवळं रचून राब पेटवतात, आणि वारा फिरला की एखादी गंजी, एखादं घर जातं. दोन ट्रेलर पंप, एक बंब, बावीस माणसं आणि मी. पंप मागच्या महायुद्धातले होते, आणि मला वाटायचं की मीही थोडा तिथलाच आहे.

तू पहिल्या रांगेत शेवटी उभा होतास. मासे धरणारा, वर थोडं भाताचं खाचर असलेला, चाळिशीचा, दाढी वाढलेला. बूट वाटले तेव्हा तुझ्या पसरट पायात ते जाईनात. तू मोठ्यानं म्हणालास, "सरकारनं सायबाच्या पायाचं माप घेतलंया." सगळे हसले. मी नाही हसलो. मला पहिल्याच दिवशी शिस्त बसवायची होती.

पण पंप तुला सगळ्यांच्या आधी समजला. पाणी ओढणारा सक्शन पाईप पाण्यात सोडून नुसतं इंजिन चालू केलं तर पंप हवाच गिळत बसतो, आधी पाइपातली हवा काढून पंपात पाणी भरावं लागतं, हे मी अर्धा तास फळ्यावर शिकवलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तू मागून म्हणालास, "पंप म्हंजी तान्हं पोर हाय. तोंड वलं केल्याबिगर पीत न्हाई." सगळ्या माना हलल्या. पुढं दर शिबिरात ते वाक्य मी वापरलं. तुझं नाव मात्र घेतलं नाही. चोरीला मी तिथूनच सुरुवात केली असावी.

आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाणी उपसलं तेव्हा ते गढूळ आलं. मी पाइपाच्या तोंडाची जाळी तपासायला सांगितली. तू काठावर उकिडवा बसून हसत होतास. "मास्तर, हितंच खाली आमच्या आज्याचं खाचर हाय. धरण झालं तवा बुडालं. गाळ आला तर आमचाच समजा, जपून वापरा." ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं का, हे मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

मग एकावर एक पंप लावून पाणी चढवायचं शिक्षण आलं. वरच्या वाडीपर्यंतचा चढ एका पंपाला झेपणारा नव्हता. एक पंप पाण्याशी, दुसरा रस्त्याच्या वळणावर, तिसरा म्हणजे बंब वाडीच्या तोंडाशी. खालच्यानं मधल्याला द्यायचं, मधल्यानं वरच्याला. सगळ्यात अवघड जागा मधली. मागून येतं त्यापेक्षा जास्त ओढलं तर मागचा होज, म्हणजे पाणी आणणारी कॅनव्हासची नळी, चपटा होतो, पंप कोरडा पडतो आणि वर एक थेंब जात नाही. कमी ओढलं तर मागचा होज फुगून फाटतो. मी बजावत होतो, "मधल्यानं मिळेल तेवढंच पुढं द्यायचं. ना जास्त, ना कमी."

"म्हंजी मधल्या सुनंवाणी," तू म्हणालास. "वरनं सासू बोलती, खालनं जाऊ बोलती. हिनं गप सैपाक करायचा."

त्या दिवसापासून तू मधला पंपवाला झालास. मीच तुला नेमलं. तुझ्यासारखा मधला मला नंतर मिळाला नाही.

पण तू काट्याकडं बघत नव्हतास. पंपावर दोन काटे असतात, एक येणाऱ्या पाण्याचा दाब सांगतो, एक जाणाऱ्या. डोळे काट्यावर, कान शिटीवर, हात थ्रॉटलवर, हे माझं ठरलेलं वाक्य; थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा दांडा. आणि तू उजवा बूट काढून, अनवाणी तळवा मागून येणाऱ्या होजवर अलगद टेकवून, समोर डोंगराकडं बघत उभा असायचास. मी शिटी फुंकून सगळी कवायत थांबवली.

"हे काय?"

"गळ टाकून बसलं की दोरी अंगठ्यात धरतो आमी. मासा लागला की पाय सांगतो. ह्येबी तसंच हाय. पाणी कमी झालं की पाइप मऊ पडतो. तळव्याला लगीच कळतं."

"काटा कशाला दिलाय मग?"

"काट्याला काय, काच असती. आत काय चाललंय ते आपल्याला दावतोच असं न्हाई. पाय खोटं बोलत न्हाई, मास्तर."

"बूट घाल."

तू बूट घातलास. मी पाठ फिरवल्यावर पुन्हा काढलास. पहिल्या वर्षी मी तुला परीक्षेत नापास केलं, शेऱ्यात 'शिस्त नाही' असं लिहून. दुसऱ्या वर्षी तू परीक्षेचा पाऊण तास दोन्ही बूट घालून, दात आवळून, काट्याकडं बघत उभा राहिलास. अगदी पुस्तकातल्यासारखा. तुला दाखला मिळाला आणि त्या दाखल्यावर धरणाच्या वसाहतीत पंपवाल्याची हंगामी जागा मिळाली. त्या दिवशी हौसावहिनींनी मला तुमच्या घरी नाचणीची भाकरी आणि वांबट माशाचं कालवण वाढलं, आणि तू दारात बसून पाय चोळत म्हणालास, "पाऊण तास आंधळा झालो हुतो बगा तुमच्यापायी." मी हसलो. हे भांडण आता आपल्यातलं राहिलं होतं, लटकं, लाडाचं. असं मला वाटत होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यातली ती दुपार मी कितीदा आठवली आहे, पण लिहिली आजवर एकदाच, आणि ती अशी की खरं सांगितलं जाऊ नये. आज पुन्हा लिहितो.

शिबिराचा शेवटचा आठवडा होता. पुण्याहून मोठे साहेब बघायला येणार होते, म्हणून पंप सकाळपासून जागेवर लावून ठेवले होते. ते आले, जेवून उठले, तेवढ्यात वरच्या वाडीतून धूर दिसला. कुणीतरी राब भाजत होतं, वारा फिरला, कडेची गवताची गंजी पेटली आणि तिथून आग पहिल्या घराच्या शाकारणीवर गेली. साहेबांपुढं करून दाखवायची कवायत खरीच करायची वेळ आली. मला भीती वाटली नाही. उलट, आता बघा आम्ही काय शिकवलंय, असंच मनात आलं. हेही कबूल करतो.

मी बंबापाशी वर होतो. खालच्या पंपावर वसाहतीतला सदा आणि आणखी दोघं, वळणावर तू एकटा. पाणी आलं, चांगलं आलं. पहिलं घर गेलंच होतं, पण आम्ही दुसऱ्याच्या छपरावर धार धरली आणि जाळ दबला. पाचसात मिनिटं. मग धार आखूड व्हायला लागली. मी दोन शिट्या दिल्या. दोन शिट्या म्हणजे दाब वाढवा. धार तशीच. पुन्हा दोन. मागं साहेब उभे होते. "तुमचा मधला माणूस झोपलाय का?" एवढंच ते म्हणाले.

मी पळत वळणावर आलो. तू उभा होतास, उजवा पाय उघडा, होजवर. हात थ्रॉटलवर, इंजिन हळू केलेलं.

"शिटी ऐकू येत नाही?"

"येती. मागनं पाणी कमी येतंय, मास्तर. जाळीत गाळ बसला आसंल. मी सदाला हाळी दिली, तो उतरलाय पाण्यात. पाच मिण्टं द्या. येतंय तेवढं वर जाऊ द्या."

मी काट्याकडं बघितलं. येणाऱ्या पाण्याचा काटा पंधरा पौंडांवर होता. पंधरा पौंड म्हणजे भरपूर. शिकवतो त्याप्रमाणं दहाच्या वर असलं की बिनधास्त वाढवायचं.

"काटा बघ! पंधरा आहे!"

"काटा मघापास्नं पंधराच हाय. हलंना झालाय. हात ठेवा हितं, तुमीच बगा." तू माझा हात धरून खाली ओढलास, होजवर ठेवायला.

गेनबा, मी हात ठेवला असता तर? मी वाकून तळहात टेकवला असता तर? एक क्षण लागला असता. मी हात झटकला. "पाय काढ तो," असं ओरडलो, आणि तुझा उघडा पाय माझ्या बुटानं बाजूला सारला. आणि थ्रॉटल मी उघडलं. तू नाही. मी. माझ्या हातानं, शेवटपर्यंत.

मागचा होज आपल्या डोळ्यांदेखत चपटा झाला. इंजिनाचा आवाज चढला, किंचाळल्यासारखा, तरी मी थ्रॉटल सोडलं नाही. वाटलं, पकडेल, आत्ता पकडेल. काटा पंधरावरच होता. मग पंपातून लोखंड घासल्याचा आवाज आला आणि इंजिन आपोआप बंद पडलं. पंप कोरडा चालून जाम झाला होता. वर धार संपली. बंबाच्या टाकीतलं पाणी किती पुरणार?

तू माझ्याकडं बघितलंसही नाहीस. एक बूट घालून, एक पाय उघडा, तसाच काट्याकुट्यातून खाली पाण्याकडं पळत सुटलास. सदा अजून जाळीला बसलेला गाळ खरवडत होता. तू पाण्यात घुसून जाळी मोकळी केलीस, दोघांनी वर येऊन मधला पंप वगळून होज थेट जोडला, आणि मग चढावर जेमतेम मनगटाएवढं पाणी पोचलं. तेवढ्यानं वाडी वाचली. मी काही शहाणा नाही, पण एवढं मला कळतं: तेच मनगटाएवढं पाणी तू आधीपासून देत होतास. ते बंद पडलं नसतं तर मधली तीन घरं गेली नसती. आणि त्यातल्या तिसऱ्या घराच्या पडवीत सगळ्या वाडीचं भाताचं बियाणं एकत्र भरून ठेवलेली कणगी होती, ती जळली नसती. कुणी माणूस गेला नाही. पण पेरणीला तीन आठवडे होते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी वळणावर परत आलो. पंप थंड होता, इंजिन बंद, होज सुटलेले. काटा पंधरावर. मी काचेवर बोटानं टिचकी मारली. काटा थरथरला आणि शून्यावर आला.

मी काटा काढून पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी नवा बसवला.

अहवालात मी तीन वाक्यं लिहिली. मधल्या पंपावरील चालकाने शिटीचा हुकूम पाळला नाही. चालक बूट काढून उभा होता. पंप कोरडा चालून निकामी झाला. तिन्ही वाक्यं खरी आहेत. शपथेवर सांगता येतील अशी. थ्रॉटल कुणी उघडलं हे चौथं वाक्य. ते लिहिलं नाही. काट्याचं पाचवं. तेही नाही. लोक विचारतील, का? बढतीची गोष्ट चालू होती, साहेब मागं उभे होते, हे सगळं आहेच. पण मुळात त्याहून क्षुद्र कारण होतं. तीन वर्षं मी म्हणत होतो काटा खरा, तू म्हणत होतास पाय खरा. बावीस माणसांसमोर तुझा पाय खरा ठरणार होता. ते मला सोसवलं नाही.

चौकशीला तुला वसाहतीच्या ऑफिसात बोलावलं. मी टेबलाच्या पलीकडं, साहेबांशेजारी.

"शिटी ऐकू आली होती?"

"आली."

"पाय उघडा होता?"

"व्हता."

"मग?"

"मंग काय."

तू एकदा माझ्याकडं बघितलंस. एकदाच. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि ज्याला तो विचारला न जाताही उत्तर देता आलं असतं तो कागदावर पेन्सिलीनं रेघा ओढत बसला होता. तुझी जागा गेली. आवारातून बाहेर पडताना मी तुला गाठलं, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "गेनबा, मी अहवालात तुझ्याविरुद्ध काही खोटं लिहिलेलं नाही."

"व्हय की," तू म्हणालास. "तुमी लिवलंय ते समदं खरं हाय. खोटं यक बी न्हाई. तेच तर."

ते तुझं मला शेवटचं रागाचं बोलणं. त्यानंतर तू रागही दाखवला नाहीस, आणि मला रागाची सोय हवी होती.

त्या पावसाळ्यात वरच्या वाडीनं तुझ्या लावणीला सावड दिली नाही. हे मला उशिरा कळलं. आज माझ्या खाचरात सगळ्यांनी, उद्या तुझ्या, असं करत अख्ख्या वाडीची लावणी उरकायची, ही तुमची पिढ्यांची रीत. बियाणं जळालेल्या माणसांनी तुला त्या रीतीतून वगळलं. तू आणि हौसावहिनी, दोघांनीच वाकून सगळं खाचर लावलंत. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षीही. मुलं तुला 'पायाचा पंपवाला' म्हणून हाका मारायची असं कंडक्टरनं मला हसत सांगितलं. मी त्या हसण्यात सामील झालो नाही, पण त्याला थांबवलंही नाही.

आणि मी काय करत होतो? मी पुण्यात मुख्य शिक्षक झालो. पंप एकावर एक लावायचा धडा आला की मी शिकणाऱ्यांना सांगायचो, मधल्यानं काट्यावर विसंबू नये, अधूनमधून होजवर हात टेकवून बघावा, होज मऊ लागला तर काटा काही म्हणो, थ्रॉटल कमी करावं. पाय म्हणत नव्हतो, हात म्हणायचो. पायाला शिस्तीत जागा नव्हती. एकदा एका हुशार पोरानं विचारलं, "सर, हे पुस्तकात नाही. कुणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हणालो, "अनुभवानं." त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात मी तुझ्याकडं आलो होतो, आठवतं? सांगायला आलो होतो. पिशवीत तो जुना काटाही होता. तू काठावर जाळं सांधत बसला होतास. दोरा उजव्या पायाच्या अंगठ्यात धरलेला.

"पंप दुरुस्त झाला का?" तू विचारलंस.

"झाला."

"आन् काटा?"

मी म्हणालो, "बदलला."

तू मान हलवलीस. जाळ्याची दोन-तीन घरं सांधलीस. वाट बघत होतास, हे मला दिसत होतं, गेनबा. मी पिशवीत हात घातला, काट्याची काच बोटांना लागली, आणि मी चंचीतून आणलेलं पान काढून तुला दिलं. आपण पान खाल्लं. या वर्षी मासे कमी आहेत असं तू म्हणालास. माझी गाडी आली. मनात म्हटलं, पुढच्या शिबिराला येतोच आहे, तेव्हा निवांत बोलू.

दहाव्याला तेच झालं. माणसं बसली होती. वरच्या वाडीचे कोंडाजीबाबा, वाडीतले सर्वांत वडील, ज्यांच्या पडवीत ती कणगी जळाली, तेही आले होते. कुणीतरी तुझं काही बरं बोललं, तेव्हा ते म्हणाले, "मानूस सरळ हुता. पंपावर चुकला तेवढंच." हौसावहिनींनी पदर ओढून घेतला. आणि माझ्या घशात चौथं वाक्य येऊन उभं राहिलं, आणि तिथंच उभं राहिलं. मी खाली बघत बसलो.

मग वहिनींनी बूट दिले.

घरी तो कडक उजवा बूट हातात घेऊन बसलो तेव्हा मला पळवाट उरली नाही. गेल्या रविवारी मी पुन्हा आलो. काटा घेऊन. आधी तुमच्या घरी गेलो. वहिनी राबाच्या जागेवर पाला पसरत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, थ्रॉटलचं, काट्याचं, तुझ्या पायाला लावलेल्या माझ्या बुटाचं. त्यांनी हात थांबवला नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिशी घरी आले तर पायात काटंच काटं. मी सुईनं काढत हुते, तर म्हणले, हौसे, पाय खरं बोलत हुता."

"मग तो बोलला का नाही? चौकशीत? वाडीला?"

"म्या बी तेच म्हणलं. तर म्हणले, मी बोललो तर भांडान व्हईल. मास्तर बोललं तर खरं व्हईल." त्यांनी मूठभर पाला झटकून पसरला. "पयलं वरीसभर दर गाडीला वर यायचे. फाट्यावर उभे ऱ्हायचे. म्हणायचे, आज येतील. मंग सोडलं यायचं."

मला तिथं बसावंसं वाटलं, पण त्यांनी बसा म्हटलं नाही आणि मीही बसलो नाही.

कोंडाजीबाबांच्या हातात मी काटा ठेवला. इंजिन नाही, पाणी नाही, काही नाही, आणि तो गाडीच्या हिसक्यांनी सरकून पुन्हा पंधरावर अडकून उभा होता. मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं काचेवर टिचकी मारली, काटा घसरला.

"दहाव्याला का न्हाई बोललात? तवा समदी हुती."

"हिंमत झाली नाही."

"आन् मला यकट्याला सांगून काय? वाडीला वाटलं हुतं त्यो चुकला. वाडीनं सावड तोडली. आता वाडीला सांगा. लिवता येतं न्हवं तुमास्नी? लिवून आना, देवळाम्होरं वाचा. समद्यांम्होरं. हौसा बी आसंल."

म्हणून हे लिहिलं आहे, गेनबा. येत्या बुधवारी मी हे देवळापुढं वाचणार आहे, एक शब्द न गाळता. साहेबांनाही आज पत्र टाकलं आहे, चौथं आणि पाचवं वाक्य लिहून. काय होईल ते होवो. शिबिरात यापुढं मी हात म्हणणार नाही, पाय म्हणणार आहे, आणि कुणी शिकवलं विचारलं तर नाव सांगणार आहे. तुला याचा काय उपयोग, हे मला कळत नाही. फाट्यावर तू वर्षभर उभा होतास, तेव्हा एका गाडीतून मी उतरायला हवं होतं.

निघताना मी कोंडाजीबाबांना विचारलं, या वर्षी तुझ्या खाचराला सावड देणार का. ते म्हणाले, "ते वाडी ऐकल्यावर ठरवंल." मग माझ्याकडं नखशिखांत बघितलं. "तुमी येनार का लावणीला? तुमचंबी यक मानूस धरावं लागंल सावडीत."

"मला लावणी येत नाही, बाबा."

"शिकवू की." त्यांनी काठीनं माझ्या पायांकडं दाखवलं. "पयलं ते बूट काढायचे."